मागच्या संकटाचे घर : किल्लारी परिसरातील दोन घरांची चिकित्सा

घर सुरक्षित असावे आणि अडीअडचणीच्या काळात त्याने कुणापुढे हात न पसरता काही दिवस तरी निभावून न्यावे, ही अपेक्षा नवी नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिका आज तीच अपेक्षा वेगळ्या शब्दांत मांडतात : मजबूत भिंती, भरवशाचे दार, पंधरवड्याचे धान्य, साठवलेले पाणी, कंदील किंवा सौरदिवा, औषधांची पेटी. ही यादी वाचताना एक प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही. घर सुरक्षित म्हणजे नेमके कशापासून सुरक्षित? चोरापासून की उन्हापासून, भूकंपापासून की दुष्काळापासून? या साऱ्यांचे उत्तर एकाच भिंतीत सापडेल, असे पुस्तिका गृहीत धरतात. ते गृहीतक तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांतील दोन घरे विचारात घेतली आहेत. पहिले ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कोसळलेले माळवदी घर. दुसरे त्यानंतरच्या पुनर्वसनात त्याच माणसांसाठी बांधलेले घर. ही दोन्ही घरे सुरक्षिततेच्या कल्पनेतूनच उभी राहिली होती, हे येथे प्रथमच नोंदवणे आवश्यक आहे.

माळवदी घराविषयी भूकंपानंतर जे लिहिले गेले, त्यात 'दगडमातीची निकृष्ट बांधकामे' असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. तो अन्यायकारक आहे. हे घर निकृष्ट नव्हते; ज्या संकटांसाठी ते घडले होते त्यांच्यापुढे ते शतकानुशतके टिकले होते. रस्त्याकडे जवळजवळ खिडकी नाही, दोन ते चार फूट जाडीच्या भिंती, एकच भक्कम दरवाजा, त्याला आतून अडसर. दारातून शिरल्यावर ढाळज, मग चौक, चौकाभोवती सोपे, मागे माजघर, आणि उजेडासाठी धाब्यात ठेवलेले साणे. मोठ्या घरांत चौकात किंवा परसात आड असे. जाड भिंतीच्या आडोशाला बळद असे, त्यात ज्वारी वरून भरायची आणि खालच्या तोंडाने काढायची. ऐपत अधिक असेल तर पेव : घटाच्या आकाराचा, अरुंद तोंडाचा, जमिनीच्या पोटातला खड्डा, ज्यात कित्येक खंडी धान्य वर्षानुवर्षे राहू शके. ('पेव फुटणे' हा वाक्प्रचार आज आपण खुशाल वापरतो, पेव पाहिलेली माणसे मात्र आता विरळाच.) गोठा घराच्या आत, वैरण माळवदावर, सरपण व गोवऱ्या परसात. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात माजघर गार राही. दरोडेखोराला फोडायला खिडकी नसे. दोन वर्षे पाऊस हुकला तरी बळदातली ज्वारी पुरे. आपत्कालीन सज्जतेच्या आजच्या यादीतील बहुतेक गोष्टी या घराजवळ होत्या आणि त्यासाठी त्याला कोणत्याही पुस्तिकेची गरज पडली नव्हती.

मग ते पडले का? याचे तांत्रिक उत्तर आता सर्वज्ञात आहे, तथापि ते नीट समजून घेतल्याखेरीज पुढील मुद्दा स्पष्ट होणार नाही. जाड दिसणारी ही भिंत प्रत्यक्षात एक भिंत नसे, दोन असत. बाहेरच्या दर्शनी दगडांची एक रांग, आतल्या बाजूची दुसरी, आणि मध्ये चिपा, कपऱ्या व चिखल यांची भर. दोन्ही रांगा एकमेकींना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. कोपऱ्यांत भिंतीची भिंतीशी गुंफण नसे. पावसाळा नुकताच सरत असल्याने चिखल ओला. अशी भिंत हादरली की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, पोट फुगते आणि ती आत-बाहेर दोन्हीकडे ढासळते. छताचा भार पुष्कळ ठिकाणी भिंतीवर नव्हताच. तो लाकडी खांब-तुळयांच्या खणावर होता, आणि असे कित्येक खण भिंती पडल्यावरही उभे राहिले. परंतु जेथे खांबही कलंडले तेथे माळवद खाली आले, आणि माळवद म्हणजे माती होती.

या मातीचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दोन फूट मातीचा थर म्हणजे दोनशे घनफूट माती. तिचे वजन सुमारे नऊ टन. एवढी माती कुणी एका दिवसात चढवलेली नव्हती. दरवर्षी मृगापूर्वी गळती थांबावी म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर माळवदावर अंथरायचा, ही घरधन्याची जबाबदारी होती. आजोबांनी थर दिला, वडिलांनी दिला, मुलाने दिला. ज्या घराची निगा अधिक काळ आणि अधिक मनापासून राखली गेली, ते घर अधिक जड झाले. प्रस्तुत लेखकाला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. हलगर्जीपणामुळे घर पडले, असे म्हणता आले असते तर समजूत घालणे सोपे गेले असते. येथे काळजीचेच ओझे झाले होते.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास ६.२ महत्तेचा धक्का बसला. मृतांची संख्या सुमारे आठ हजार होती. चोराला आत येऊ न देणारा एकुलता दरवाजा आतल्या माणसालाही बाहेर पडू देईना. जे चौकापर्यंत पोहोचले त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंच्या ढिगाऱ्यांनी बुजलेली अरुंद गल्ली होती. गावकुसाच्या कडेला कुडाच्या किंवा पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारी माणसे त्या मानाने वाचली. ज्यांच्याजवळ साठवण्यासारखे काही नव्हते, त्यांचे घर साठवणीचे नव्हते, आणि म्हणून ते जडही नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल : भूकंपाचा अंदाजच नव्हता, तर घर तसे बांधणार कोण? तो अंशतः खरा आहे. १९८४ च्या भारतीय मानकातील नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. तथापि, किल्लारीची जमीन ऑगस्ट १९९२ पासून काही महिने अधूनमधून हादरत होती, ऑक्टोबरातील धक्क्याने घरांना तडेही गेले होते. लोक भयभीत झाले, धक्के ओसरले, लोक पुन्हा माजघरात झोपू लागले. यात लोकांचे अज्ञान शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की राज्यशासनाजवळ कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा अनुभव होता, आणि तरीही दगडमातीच्या घरात आरपार दगड कसा बसवावा हे पंचवीस वर्षांत गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

जुन्या घराविषयी सहानुभूतीने लिहिताना त्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आड, बळद, पेव, गोठा असलेले घर हे गावाचे घर नव्हते. ते गावातील काहींचे घर होते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या बळदात ज्वारी होती ते घरात राहिले. बाकीचा गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेला, मिलो आणि सुकडी खाऊन जगला. त्यांचे आपत्कालीन घर म्हणजे रोजगार हमीचे काम होते. स्वयंपूर्ण घर ही संकल्पना आपल्याकडे जमिनीच्या मालकीशी बांधलेली आहे; जमीन वजा केली की मागे कंदील आणि औषधाची पेटी तेवढी उरते.

पुनर्वसनाचे घर

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, तो त्या काळी देशातील अशा प्रकारचा सर्वांत मोठा प्रयत्न होता. सर्वाधिक हानी झालेली सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवली गेली. अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रे, उद्योगसमूह यांनी गावे दत्तक घेतली. घराचे क्षेत्रफळ ठरवण्यासाठी एक कोष्टक होते. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०.

या कोष्टकावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. ज्याचे कुडाचे खोपटे होते त्याला पक्के छत आणि त्याच्या नावाचा उतारा मिळाला, हे थोडके नव्हे. शासनाला काही तरी निकष हवा होता, हेही मान्य. परंतु भूकंपाचा धक्का हेक्टर मोजून बसत नाही. मग सुरक्षितता हेक्टरने का मोजावी? घरातील माणसांची संख्या हा निकष का नसावा? आठ माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला २५० आणि तीन माणसांच्या बागायतदाराला ७५०, यात पुनर्वसन जुन्या गावाची उतरंड नव्या सिमेंटमध्ये ओतत होते. पडलेल्या भिंतींतून जी एक विषमता ढिगाऱ्याखाली गेली होती, ती कोष्टकातून परत वर आली.

नव्या घराची भूकंपरोधकता वादातीत मानू. पायापाशी, दारे-खिडक्यांच्या वर आणि छतापाशी पट्टे, कोपऱ्यांत गज, वर काँक्रीटचे छत. या घराने एका प्रश्नाचे उत्तर चोख दिले. पण तो प्रश्न ३० सप्टेंबरच्या पहाटेचा होता. बाकी प्रश्नांकडे त्याने पाठ फिरवली. गोठा कुठे? वैरण कुठे? वर्षाची ज्वारी कुठे ठेवायची? उन्हाळ्यात तापणाऱ्या काँक्रीटखाली दुपार कशी काढायची? चौक नाही, तर बायकांनी भांडी, वाळवण, न्हाणे कुठे उरकायचे? सरळ रेषांच्या रस्त्यांवर समान अंतराने आखलेल्या वसाहतीत शेत दूर गेले आणि शेजारही विखुरला. लोकांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले : घराला लागून पत्र्याची पडवी काढली, जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून दगड आणि तुळया आणून कुठे भिंत उभारली, कुठे गोठा. त्यातील काही भिंती पुन्हा त्याच दोन रांगांच्या, आरपार दगडाविना. अभियंत्याने जे घर सुरक्षित केले होते त्याला राहण्याजोगे करताना माणसांनी पुन्हा धोका जोडला. यात हसण्यासारखे काही नाही. घराचा आराखडा राहणीला जागा देत नसेल तर राहणी आराखड्याबाहेर आपली जागा करून घेतेच.

याच काळात दुसरा एक मार्ग उपलब्ध होता, आणि त्याची उपेक्षा झाली असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या गावांत घरे पडली नव्हती, केवळ तडकली होती, तेथे दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता. माळवदाची अतिरिक्त माती उतरवणे, भिंतीत ठिकठिकाणी भोके पाडून काँक्रीटचे आरपार दुवे बसवणे, दरवाजाच्या डोक्यावर जाळी आणि सिमेंटचा पट्टा घराभोवती फिरवणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके लाकडी आधार ठोकणे. गावचा गवंडी महिन्याभरात शिकेल अशी ही कामे होती. यातून जुने घर आपला गारवा, आपला चौक, आपले बळद राखून भूकंपाला तोंड देऊ शकले असते. शेकडो गावांत महिला मंडळांनी या कामाची माहिती घरोघर नेली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे काम त्यातूनच वाढले आणि २००१ नंतर येथील स्त्रिया कच्छमधील स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या. तरीही बहुतांश ठिकाणी मागणी एकच राहिली : आम्हालाही नवे घर द्या. ज्याने डोळ्यांदेखत आपली माणसे दगडाखाली गेलेली पाहिली, त्याला तोच दगड नीट बांधला तर चालतो हे पटवणे कठीण होते. भीतीने दगडालाच गुन्हेगार ठरवले, आणि सिमेंटचा भाव वधारला.

कच्छचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबू. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात उत्तर कच्छमधील भुंगे, म्हणजे गोल, बुटकी, गवताने शाकारलेली मातीची घरे, मोठ्या प्रमाणात टिकली. त्यावरून पारंपरिक ज्ञानाची महती सांगणारे पुष्कळ लिखाण झाले. ते खरे आहे, पण अर्धे. त्याच कच्छमध्ये, १८१९ च्या महाभूकंपाची आठवण असलेल्या मुलखात, भूज आणि अंजार येथील जुन्या पेठांतील दगडी घरे कोसळून हजारो माणसे गेली. तीही परंपराच होती. भुंगा टिकला तो गोल आकारामुळे आणि हलक्या छपरामुळे. त्यात राहणारे पशुपालक होते, त्यांची संपत्ती चालती-फिरती होती. भिंतीच्या आत मणामणाने दडवण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. सुरक्षितता आणि साठवण यांची ओढाताण कच्छनेही सोडवली नव्हती. तेथेही एकाने एक निवडले, दुसऱ्याने दुसरे.

पुढचे संकट

किल्लारीचा परिसर भूकंपानंतर ज्या आपत्तीने पुन्हा देशाच्या नकाशावर आला ती भूकंप नव्हती. ती तहान होती. सलग अवर्षणानंतर २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. खेड्यांत टँकर फिरत होते. आड केव्हाच आटले होते, कारण त्यांच्या कितीतरी खाली विंधन विहिरी गेल्या होत्या. गंमत अशी की विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी आखलेल्या सहा महिन्यांच्या पर्यावरण अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापनाच्या उपघटकात पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि दरडी कोसळणे यांची नावे होती. अवर्षण तेथे नव्हते, ते जलसंपत्तीच्या उपघटकात होते. आपण तो वर्षानुवर्षे शिकवला आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनीही तो तसाच लिहून गुण मिळवले.

आता पुनर्वसनाच्या घराकडे पुन्हा पाहू. त्याचे छत सपाट, पक्के आणि स्वच्छ आहे. जुन्या माळवदाजवळ हा गुण नव्हता, त्यावरून येणारे पाणी गढूळच असणार. २५० चौरस फूट म्हणजे सुमारे २३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छतावर १६ हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे सोडून दिलेले, सांडलेले, उडून गेलेले असे पाचवा हिस्सा वजा केले तरी जवळपास १३ हजार लिटर उरते. पाच माणसांचे कुटुंब पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर वापरील, तर हे पाणी २६० दिवस जाईल. निम्माच पाऊस पडला तर १३०. त्यासाठी आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट खोल एवढी टाकी पुरेशी आहे, एखाद्या मध्यम पेवाएवढी. अडचण आहे ती काळ्या मातीची. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन पुरलेल्या टाकीला तडे पाडते, म्हणून टाकी मुरुमापर्यंत नेऊन बसवावी लागेल किंवा जाळी-सिमेंटची गोल टाकी जमिनीवर उभी करावी लागेल. हे काम मजबुतीकरणाचा पट्टा फिरवणाऱ्या गवंड्याच्या आवाक्यातले आहे. जाळी तीच, सिमेंट तेच.

या हिशोबाने काही प्रश्न सुटतात, सगळे नाहीत. घरटी टाकी म्हणजे पुन्हा घरटी बळदच, असा आक्षेप रास्त आहे. ७५० चौरस फुटांच्या छतावर ३९ हजार लिटर पाणी जमते, आणि ते त्याच्या अंगणात जमते ज्याच्या शेतात बहुधा विहीरही असते. भूमिहीनाला छत तिसरा हिस्सा, म्हणून पाणीही तिसरा हिस्सा, आणि घरात माणसे मात्र कमी असतील असे नाही. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत यांची छते मोठी असतात. त्यांचे पाणी कोणाचे, हे घराच्या आराखड्यात ठरत नाही. सुरक्षित, स्वयंपूर्ण घर आखायला बसलेला माणूस येथवर आला की कागद त्याला पुरत नाही, त्याला शेजारच्या घराची रेघ ओढावी लागते. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, म्हणून एक घर दुसऱ्यावर पडले. नव्या वसाहतीत घरे एकमेकांपासून सुटी झाली, आणि तेच तिचे सुरक्षिततेचे सूत्र मानले गेले.

पुनर्वसनाच्या पात्रतेचे कोष्टक चौरस फुटांचे होते. त्यात ज्वारीचे मण नव्हते, पाण्याचे लिटर नव्हते. वसाहतीतील बहुतेक छतांवरचे पाणी आजही पन्हाळीतून रस्त्यावर उतरते, आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याने टँकर येतो.